विरोधातला फुटाणा

आमच्या घरात अजूनही कोणी 'सगळ्यांचं ठरलं' असं म्हणालं, की एकजण आवाज बारीक करून विचारतो, "विरोधात कोण होतं?" आणि मग सगळे हसतात. माझ्या पोरांना वाटतं ही त्यांच्या बापाची गंमत. नव्या सुनेला वाटतं ही आमच्या खानदानाची सवय असेल, जशी माझी वरणात मीठ विसरायची. ते वाक्य मूळचं सरांचं. सर आमचे कोणी नव्हते. यवतमाळच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि जेवायला आमच्यात असायचे, एवढंच.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी ते घाटाकडून, म्हणजे पार पश्चिमेकडून, आले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "राज्य बदललं त मास्तरही बदलून देतेत काय आता?" सरांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि दारात उभ्या उभ्या बराच वेळ उत्तर दिलं. आत्याबाई भाकर थापायची सोडून ऐकत राहिल्या. भाकर करपली. तेव्हापासून त्यांचं आणि सरांचं जमलंही आणि वाजलंही.

सरांच्या खिशाला दोन पेनं असत, एक निळ्या शाईचं, एक तांबड्या. दोन्ही गळकी. निळ्यानं ते लिहीत कायद्यात काय असायला हवं ते, आणि तांबड्यानं लिहीत माणसं करतात काय ते. त्यामुळे सदऱ्याच्या खिशावर कायम दोन डाग. धोब्यानं हात टेकले होते. मी एकदा विचारलं, सर, एकाच पेनानं नाही का चालत? तर म्हणाले, "वहिनी, दोन्हींत फरक आहे हे विसरायला होतं ना मग." मला काही समजलं नाही, पण मी मान हलवली. माझं शिक्षण सातवी. मान हलवणं मला चांगलं जमायचं. ते नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होते. विषय होता गावपंचायतीतली लोकशाही, पुस्तकातली आणि खरी.

कुठलीही गोष्ट ऐकली की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "कोणी ठरवलं?" आणि "विरोधात कोण होतं?" शेजारच्या मुलीचं लग्न जमलं, पेढे घेऊन तिचे वडील आले, तर सर त्यांनाही तेच विचारून बसले. तो गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन तसाच परत निघाला होता. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याला फाटकापर्यंत जाऊन आणलं. पेढे चांगले होते.

मग एकदा लागोपाठ आंबाडीची भाजी झाली. सरांनी ताटावरून मान वर करून विचारलं, "ही कोणी ठरवली?"

"कोन ठरवते? ठरलेलंच असते," आत्याबाई म्हणाल्या.

झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा आणला, झाकणाला हात जाईल एवढं भोक पाडलं, आणि आमच्या घरात मतदान सुरू झालं. प्रत्येकाच्या हातात एक तुरीचा दाणा, एक हरभऱ्याचा. होय म्हणायचं असेल तर तूर टाकायची, नाही म्हणायचं तर हरभरा. मूठ आत घालायची, दाणा सोडायचा, मूठ बाहेर काढायची. कोणाला काही समजणार नाही. पहिला प्रश्न आंबाडीचा. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनासारखं काही केलं, म्हणजे हरभरा टाकला. मोजायच्या आधीच आत्याबाई म्हणाल्या, "हरभरे दोन हाय. एक मास्तरचा, एक ह्या पोरीचा."

तूर टिक वाजते आणि हरभरा टण्ण. त्या चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या, पण कान इकडे होता.

सर हरखून गेले. त्यांना हरल्याचं काहीच वाटलं नाही. असा दोष कोणत्या पुस्तकात सापडला नसता, असं म्हणत त्यांनी माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं मागून घेतलं आणि डब्याच्या तळाशी अंथरलं. लोकशाहीत माझा वाटा काय, तर ते फाटकं लुगडं. फडकं घातल्यावर आंबाडी पडली. सपशेल पडली, ह्यांनीसुद्धा विरोधात टाकलं होतं. पुढचा आठवडाभर आत्याबाईंनी दोन्ही वेळा आंबाडीच केली. सरांनी त्या आठवड्यात तांबडी शाई पुष्कळ वापरली.

सरांना मराठीतला एक शब्द सहन होत नसे. बिनविरोध. नवी पंचायत बसायची होती, गावोगावची माणसं मोठ्या अभिमानानं सांगायची, आमच्या गावात बिनविरोध झालं, भांडण नाही, तंटा नाही. त्या गावांचं भाषणांतून कौतुक व्हायचं. सर म्हणत, एवढ्या माणसांना एकाच वेळी एकच वाटतं, हे मला खरं वाटत नाही. कोणाला तरी दुसरं वाटत असणार. तो माणूस कुठे जातो? तो माणूस शोधणं, हाच त्यांचा प्रबंध होता असं म्हटलं तरी चालेल.

माझं माहेर पांढरकवड्याच्या अलीकडे, आत रस्ता जातो तिथं. कपाशीवाल्या कुणब्यांचं गाव, आणि नाल्यापलीकडे तांडा. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तेही शेती करत. दोन्हींची पंचायत एकच. गावचे पाटील माझे चुलतकाका. गोड माणूस. माझ्या लग्नात त्यांनी सगळ्यांच्या आधी उठून वाढलं होतं आणि सगळ्यांच्या शेवटी जेवले होते. गावातून कोण पंच होणार, तांड्यातून कोण, हे ते ओसरीवर बसून सांगत आणि गाव ते ऐके. ओरडून नव्हे, हसून सांगत. दरवेळी बिनविरोध.

मी संक्रांतीला माहेरी गेलते, तेव्हा सरही आले. आमच्याकडच्या हरभऱ्याला त्या वर्षी भुंगा लागला होता. मतदाराच्या हातात किडका दाणा देणार नाही, म्हणून सरांनी तूर आमच्या घरची घेतली आणि हरभऱ्याच्या ऐवजी पांढरकवड्याच्या बाजारातून ताजे भाजलेले फुटाणे घेतले. निवडून, एकसारखे. डब्यातलं फडकंही धुऊन आणलं होतं.

चावडीपुढे गाव जमलं, तांडाही आला. काकांनी स्वतः सतरंजी टाकून दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "सर म्हंतेत तसं करा गा. शिकलेला माणूस हाय, आपल्यासाठी एवढ्या दूर आला." सरांनी समजावलं. पंचायत आजवर जशी बिनविरोध होते तशीच व्हावी असं वाटत असेल तर तूर. निवडणूक व्हावी, मतं पडावी, असं वाटत असेल तर फुटाणा. नाव नाही, निशाणी नाही, आवाजही नाही. कोणालाही, मलासुद्धा, समजणार नाही. उरलेला दाणा तुमचा.

माणसं एकेक करून गेली. मूठ आत, मूठ बाहेर. आणि जो-तो भिंतीच्या कडेला जाऊन उकिडवा बसला.

आता तुम्हीच सांगा. माणसाच्या हातात ताजा फुटाणा उरला, तर तो काय करील? तोंडात टाकील. आणि कच्ची तूर उरली तर? कच्ची तूर कोण खातं?

सगळी भिंत कुडुमकुडुम चावत होती. मी पलीकडच्या ओट्यावर बसले होते आणि सरांच्या पुडीतले उरलेले फुटाणे मूठभर घेऊन खात होते, म्हणजे मी तर पक्की बिनविरोधवाली. सर खाली मान घालून डब्यातले दाणे मोजत होते. काका हातातला अडकित्ता खाली ठेवून भिंतीकडे पाहत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. टोकाला तांड्यातला थावरा बसला होता. चाळिशीचा माणूस, थोडी शेती, एक उपवर मुलगी. त्याची मूठ बंद होती आणि तोंड बंद होतं.

"काय रे थावरा," काका हसून म्हणाले, "फुटाना गोड नाही लागला काय?"

थावरानं मूठ आणखी घट्ट केली. सरांनी तेवढ्यात मान वर केली. चेहरा असा फुललेला, की जणू घरात मूल जन्मलं. "एक!" म्हणाले. "एक फुटाणा आहे!"

सगळ्या भिंतीनं चावणं थांबवलं.

यवतमाळला परत आल्यावर सर कित्येक दिवस आनंदात होते. त्या एका फुटाण्यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं, तांबड्या शाईनं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन् बाकीच्या फुटान्यायचं काय झालं?" सर म्हणाले, खाल्ले असतील. आत्याबाई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग सरांनाही कळलं, ज्यानं खाल्ला नाही तो सगळ्यांना दिसला होता. ते कागद आवरून खोलीत गेले आणि त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

होळीनंतर थावरा आमच्या दारात उभा राहिला. आपल्या गाडीतून कापूस विकायला आणला होता. पूर्वी गावच्या गाड्या एकामागून एक येत. या वेळी त्याची एकट्याची होती. त्यानं सांगितलं ते असं, की कोणी त्याला काही म्हटलं नव्हतं. मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त वेचणीला कोणी आलं नाही. वखराला कोणी बैल दिला नाही. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. तांड्यात होळीला लेंगीची गाणी म्हणत पुरुष फेर धरतात, त्या फेरात तो जिथं उभा राही, तिथून फेर तुटे आणि दुसरीकडे जुळे. तांड्याला गावाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

सर त्याच आठवड्यात मोटारीनं काकांकडे गेले. हे त्यांच्याबरोबर होते. काकांनी पाट मांडला, चहा दिला. सरांनी पहिल्यांदाच आवाज चढवला म्हणे, की तुम्ही या माणसाला वाळीत टाकलंत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी काहून टाकीन सर? मी एका शब्दानं कोनाले बोललो नाही. ज्यानं त्यानं आपापल्या मनानं केलं." मग चहाची कपबशी सरांच्या जवळ सरकवून म्हणाले, "बिनविरोध. तुमचा डबा आनून पाहा वाटल्यास."

परत येताना तांड्यात थांबून सरांनी थावराला विचारलं, तुम्हाला निवडणूक लढवायची होती का? पंच व्हायचं होतं? त्यावर थावरा जे म्हणाला, ते मी ह्यांच्या तोंडून नेहमी ऐकलं.

"मले कायले लढायचं होतं सर? तुमी म्हनले, कोनाले समजनार नाही. असं मले आजवर कोनी म्हनलं नव्हतं. म्हनून मन झालं, एकदा खरं सांगून पाहावं."

आणि मग त्यानं सरांकडे मागणं केलं. एकच. तो फुटाणा माझा नव्हता, असं गावात येऊन सांगा. तुमचं लोक ऐकतीन.

सर महिनाभर खोलीतून कॉलेजात आणि कॉलेजातून खोलीत करत राहिले. तो फुटाणा म्हणजे त्यांचं सगळं काम होतं. नागपूरच्या प्राध्यापकांना प्रकरण आवडलं होतं. त्यांचं म्हणणं, गावाचं नाव बदला, माणसाचं नाव बदला आणि छापा. पण गावाचं नाव बदलून थावराच्या शेतात कोणी वेचायला येणार नव्हतं. आणि 'तो फुटाणा थावराचा नव्हता' असं गावात खोटं सांगून पुस्तकात खरं लिहायचं, हेही सरांना येत नव्हतं. दोन रंगांच्या शाईचा माणूस, पण जीभ एकच होती.

शेवटी ते गेले. पुन्हा चावडी, पुन्हा ती सतरंजी. सर उभे राहून म्हणाले, तो फुटाणा मीच टाकला होता. पाहायचं होतं, काय होतं ते. थावरानं तूरच टाकली होती, फुटाणा त्याच्या मुठीतून खाली पडला. तुमच्या गावात विरोधात कोणीही नव्हतं.

काकांना हे खोटं आहे हे माहीत होतं. गावालाही माहीत होतं. काका उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठा मानूस." मग थावराला जवळ बोलावून त्याच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. त्यानं ते तिथंच, सगळ्यांपुढे खाल्ले.

प्रबंधातलं ते प्रकरण सरांनी नव्यानं लिहिलं. गावात शंभर टक्के एकमत आढळलं, असं. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यावरून मला कळलं. तांबडा डाग पुसट होत गेला, निळा तेवढा राहिला.

प्रबंध मान्य झाला. नुसता मान्य नाही, गौरवला गेला. गावाच्या एकमताचं एवढं सुंदर चित्र कोणी काढलं नव्हतं, असं परीक्षकांनी लिहिलं म्हणे. कॉलेजात सत्कार झाला, हार घातला, हे जाऊन आले. सर हार गळ्यात तसाच ठेवून सायकलवरून घरी आले आणि तो त्यांनी आमच्या गाईपुढे टाकला. त्यानंतर कोणी त्यांना डॉक्टर म्हटलं, की ते हात दाखवून सांगत, "ते पलीकडच्या गल्लीत बसतात. सकाळी गर्दी असते." लोकांना ते विनोदी वाटायचे. मलाही वाटायचे. फुटाणेवाला दारावरून ओरडत गेला की ते खोलीचं दार लावून घेत, तेही मला विक्षिप्तपणाच वाटायचा.

पुढच्या निवडणुकीनंतर थावरा पुन्हा आला. या वेळी अंगात नवा सदरा, डोक्यावर हरभऱ्याच्या टहाळाची पेंढी, आणि बरोबर गुळाची भेली. मुलीचं लग्न झालं होतं. त्यानं सरांच्या पायाला हात लावला.

"सर, मी पंच झालो."

सर खरंच आनंदले. बसा म्हणाले, मला चहा ठेवायला सांगितला. "किती मतं पडली?"

"मतं कायले? बिनविरोध."

मी चुलीपासून पाहत होते. सरांनी विचारलं, "तांड्यातून दुसऱ्या कोणाला उभं राहायचं नव्हतं?"

"होता ना एक पोट्टा. शिकेल हाय थोडा. समजावून सांगतलं त्याले."

"कोणी?"

"मीच सांगतलं सर," थावरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, काळजी होती. "मले मालूम हाय ना, काय होते ते."

चहा झाला. थावरा गेला. टहाळ ओट्यावर तसाच पडून राहिला. सोलून भाजी केली असती तर सर जेवले नसते, म्हणून मी तो गाईला घातला. त्या गाईनं सरांच्या पायी चांगले दिवस काढले.

त्याच उन्हाळ्यात सरांनी नोकरी सोडली. घाटाकडे परत जातो म्हणाले. काय करणार ते सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी समजावलं. हे रुसले. मी रडले, पण माझं रडणं कांदा चिरतानाही येतं, त्याला घरात किंमत नव्हती.

सरांनी ट्रंक बांधली त्या दुपारी आत्याबाई उठल्या, फळीवरून तो डबा काढला आणि माजघराच्या मधोमध ठेवला. कित्येक दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी आत हात घालून माझ्या लुगड्याचं फडकं बाहेर काढलं आणि बाजूला टाकलं.

"मास्तर, तुमी कोनी ठरवलं, कोनी ठरवलं म्हंता ना? मंग खोली सोडाची का नाही, हेही इथंच ठरन. जावं वाटते त्यानं तूर टाकाची. राहावं वाटते त्यानं हरभरा."

सर दारात उभे राहिले. आम्ही एकेक करून गेलो. हे गेले, टण्ण. मी गेले, टण्ण. धाकटे दीर, नणंद, शेजारीण आली होती तीसुद्धा, टण्ण, टण्ण. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनं हसू यायला लागलं होतं. शेवटी आत्याबाई. सरांना मुलासारखं जेवू घातलेल्या, त्यांच्याशी रोज भांडलेल्या. त्यांनी मूठ आत घातली.

टिक.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. त्यांनी पदर सारखा केला. "एक त विरोधात पाहिजे," म्हणाल्या. "नाही त मास्तरले खरं वाटनार नाही."

आम्ही हसलो. सरही हसले, खूप हसले. मग डब्याजवळ येऊन बसले, आतला तुरीचा दाणा शोधून काढला आणि तळहातावर धरला.

"सगळ्यांचं तर ऐकलं जातंच, आत्याबाई," ते म्हणाले. "मी या एकाचं ऐकतो."

संध्याकाळच्या मोटारीनं ते गेले. तूर त्यांच्या खिशात होती, त्या निळ्या डागामागे. कोठून पत्र नाही, निरोप नाही. घाटाकडच्या एकानं पुढे सांगितलं, ते वारले. कशानं, ते त्याला माहीत नव्हतं.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. मी गंमत केलती, असं त्या मधूनच म्हणत, कोणी काही विचारलेलं नसताना. डब्यात पुढे मोहरी भरली. पण घरात काही ठरायचं असलं, नणंदेचं लग्न, घराची वाटणी, काहीही, की त्या सगळ्यांचं ऐकून घेत आणि मग विचारत, "विरोधात कोन हाय?" आम्ही एकमेकांकडे पाहायचो. कोणी नसायचं. त्या थोडा वेळ वाट पाहत, कान देऊन, आणि मग म्हणत, राहू द्या, आज नका ठरवू.